गर्दीनं विकत घेतलेला डोंगर

ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी नऊच्या पुढे म्यूर व्हॅलीच्या, म्हणजे दोर लावून कडे चढायला लोक जिथे येतात त्या दरीच्या, पार्किंगला पोचलात तर गाडीला जागा मिळेलच असं नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेचा हा भाग, लेक्सिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर, सगळं जंगल, मोबाइलला धड रेंज नाही, आणि त्या जंगलातल्या दरीच्या तोंडाशी ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, टेनेसी अशा सगळीकडच्या नंबरप्लेटच्या गाड्या ओळीनं लागलेल्या. डिक्क्या उघड्या, दोराच्या पिशव्या बाहेर, कोणी कॉफी पितंय, कोणी हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा पट्टा, शोधतंय, कोणाची पोरं झाडाच्या पानांशी खेळतायत. आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच, "किती ही गर्दी, पूर्वी असं नव्हतं." हे वाक्य मी इथं राहायला आल्यापासून इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि म्हणणारे खोटं बोलत नाहीत, खरंच पूर्वी असं नव्हतं. पण मला त्यांना दरवेळी सांगावंसं वाटतं की बाबांनो, या भागातले कितीतरी कडे आज चढायला मोकळे आहेत ते मुळी या गर्दीमुळेच, ही माणसं आली नसती आणि त्यांनी खिशात हात घातला नसता तर तिथे फाटकाला कुलूप आणि 'प्रवेश बंद'ची पाटी असती. हे नीट सांगायचं तर जरा मागे जावं लागतं, म्हणून हा लेख.

या सगळ्या मुलखाचं नाव रेड रिव्हर गॉर्ज, म्यूर व्हॅली त्यातलीच एक दरी, चढणारे सगळे नुसतं 'द रेड' म्हणतात. डॅनियल बून नॅशनल फॉरेस्टचा काही भाग आणि त्याला लागून असलेल्या खाजगी जमिनी मिळून हा मुलूख होतो. दगड वाळूचा, कॉर्बिन सँडस्टोन, तीसेक कोटी वर्षांपूर्वीचा. मी शिकले सह्याद्रीत, म्हणजे बेसॉल्टवर, तैलबैलाच्या भिंती, ड्यूक्स नोज, वानरलिंगी हे सगळं डोळ्यासमोर ठेवून वाढलेली, तिथे आपल्याला सवय असते घसाऱ्याची, गवताची, हातात घेतलेला होल्ड, म्हणजे दगडाची पकड, निखळून हातातच राहील का ही धाकधूक कायम. इथे पहिल्यांदा भिंतीला हात लावला तेव्हा विश्वासच बसेना. दगडात आपोआप तयार झालेल्या खोबणी, लोखंडाच्या तपकिरी पट्ट्या कड्यातून फळीसारख्या बाहेर आलेल्या, बोटं आत गेली की घट्ट. आणि कडे असे पुढे झुकलेले की वर मुसळधार पाऊस पडत असताना खाली तुम्ही कोरडे उभे राहून चढू शकता. झुकलेल्या भिंतीचा आणखी एक फायदा म्हणजे सुटलात तर हवेत पडता, दगडावर आपटत नाही. त्यामुळे नवशिक्यापासून जगातल्या सगळ्यात तगड्या क्लायंबरपर्यंत प्रत्येकाला इथे काहीतरी मिळतं, आणि अमेरिकेच्या मधल्या भागातली कितीतरी मोठी शहरं, सिनसिनाटी, कोलंबस, लुइव्हिल, इंडियानापोलिस, ही सगळी सपाटीवरची, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालं की रात्री तंबूत. शिकागोवाले तर सहा-सात तास गाडी हाकून येतात. यांना जवळ दुसरं एवढं मोठं काही नाहीच, मग येणार कुठे?

त्यात मिगेल्स पिझ्झा. १९८४ साली मिगेल व्हेंचुरा यांनी स्लेड गावाजवळ आइसक्रीमचं दुकान टाकलं, पुढे चढायला येणारी पोरं भुकेली असतात हे बघून पिझ्झा सुरू झाला आणि मागच्या मोकळ्या जागेत तंबू पडायला लागले. आज ऑक्टोबरच्या शनिवारी रात्री तिथे तंबूंच्या दोऱ्यांमध्ये पाय अडकल्याशिवाय चालता येत नाही. मला ती जागा फार आवडते, सांगून टाकते. दिवसभराच्या थकव्यानंतर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसून कोणता रूट, म्हणजे कड्यावरची चढायची वाट, कुठे अडला ते हातवारे करून सांगायचं, समोरचा लगेच उठून तसेच हातवारे करून तो कसा सोडवायचा ते दाखवणार.

आता गर्दी म्हणजे नक्की काय होतं ते सांगते, कारण त्रास नाही असं माझं अजिबात म्हणणं नाही. म्यूर व्हॅलीत ब्रूझ ब्रदर्स नावाची भिंत आहे. सोपे आणि मध्यम रूट एका ओळीत, नव्या लोकांसाठी आदर्श. तिथे शनिवारी अकरा वाजता गेलात तर प्रत्येक रूटखाली एक घोळका, दोन दोन तास दोर हलत नाही, एकानं लीड करून, म्हणजे आधी चढून जाऊन, दोर वर लावला की मागचे आठ-दहा जण त्याच दोरावर टॉप रोप करत, म्हणजे वरून आलेल्या दोराच्या आधारानं चढत, बसतात. ओरडाआरडा, वर कोण बोलतंय खाली कोणाला ऐकू येतंय कळत नाही, आणि बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळताना, ही गोष्ट धोक्याची आहे, 'घे' आणि 'सोड' यात गल्लत झाली तर माणूस जमिनीवर येतो. कड्याच्या पायथ्याशी माती अशी तुडवली गेलीय की झाडांची मुळं उघडी पडलीत, काही ठिकाणी पूर्वी जिथे उभं राहून पहिला होल्ड हाताला यायचा तिथे आता टाचा उंचावाव्या लागतात, इतकी माती वाहून गेली. आणि शौचाचा प्रश्न. याबद्दल कोणी लिहीत नाही पण दिवसाला शेकडो माणसं एका दरीत येतात म्हटल्यावर हा पहिला प्रश्न आहे, पार्किंगच्याही आधीचा.

आणि एक पांढरी लव असलेली रानटी गोल्डनरॉड. हे पिवळ्या फुलांचं छोटं झाड जगात फक्त याच गॉर्जमध्ये उगवतं, नेमकं कड्याखालच्या कोरड्या कपारींमध्ये, जिथे माणसांना बसायला, तंबू टाकायला, दोर पसरायला आवडतं. १९८८ मध्ये त्याला धोक्यातल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत घातलं गेलं. शिवाय या कपारींमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या खुणा आहेत. त्यामुळे नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत नवे बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला दगडात कायमच्या बसवलेल्या मेखा, मारायला बंधनं आली, आणि ती यायलाच हवी होती असं माझं मत आहे. (ते झाड सावरलं, २०१६ मध्ये यादीतून बाहेर आलं. कपारींना कुंपणं घातली, पाट्या लावल्या, लोकांनी ऐकलं, आणि झाड जगलं. मला ही बातमी कुठल्याही रूटपेक्षा मोठी वाटते.)

पण बंधनं आल्यावर चढणारे सरकले दक्षिणेकडे, खाजगी जमिनींवर. तिथे कडे भरपूर, आणि मालकांपैकी काही जण चढू द्यायला तयार. पण खाजगी म्हटलं की मालकाच्या मर्जीचा खेळ. एखाद्या दिवशी मालक बदलतो, वारस विकून टाकतात, वकील घाबरवतो की कोणी पडला तर तुमच्यावर केस होईल, आणि कडा बंद. केंटकीत असा कायदा आहे की मालकानं जमीन लोकांना फुकट फिरायला दिली तर अपघाताची जबाबदारी बरीचशी त्याच्यावर येत नाही, पण कोर्टाची पायरी कोणाला चढायचीय? या धास्तीतून १९९६ मध्ये स्थानिक क्लायंबर्सनी एक संस्था काढली, रेड रिव्हर गॉर्ज क्लायंबर्स कोअलिशन. सुरुवातीला काम काय, तर मालकांशी बोलणं, फॉरेस्ट खात्याच्या बैठकांना जाणं, पत्रं लिहिणं.

आणि मग २००४ मध्ये त्यांनी जे केलं ते मला अजून थक्क करतं. चढणाऱ्या पोराटोरांच्या या संस्थेनं साडेसातशे एकरांच्या आसपास डोंगर सरळ विकत घेतला. त्या राखीव जागेचं नाव पेंडरग्रास-मरी रिक्रिएशनल प्रिझर्व्ह. पैसे होते का? नव्हते. कर्ज काढलं आणि ठरवलं की आपण फेडू. विचार करा, ही माणसं कोण, तर आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून हॉटेलात काम करणारी, गाडीत झोपणारी, जुने बूट सोल बदलून बदलून वापरणारी, कॉलेजातली, काही थोडे नोकरदार. यांनी डोंगराचं कर्ज अंगावर घेतलं. हप्ता फेडायचा कसा, तर दरवर्षी ऑक्टोबरात जत्रा भरवायची, रॉकटोबरफेस्ट. तंबू, गाणी, शिकवणीचे वर्ग, कंपन्यांनी दिलेल्या दोर-बुटांचा लिलाव, टी-शर्ट, सोडती. ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त माणसं येतात त्याच आठवड्यात त्यांच्यासमोर पेटी फिरवायची. पाच डॉलर, वीस डॉलर, एखादा शंभर. त्यातून डोंगर फिटला. आणि तो फिटला म्हणून पुढचे घेता आले, २०१३ मध्ये मिलर फोर्कचे तीनशे एकर, २०१७ मध्ये बाल्ड रॉक, म्हणजे ज्यात मदरलोड नावाची ती प्रसिद्ध झुकलेली भिंत आहे तो शंभरेक एकरांचा तुकडा. मदरलोडवर वर्षानुवर्षं लोक चढत होते ते मालकाच्या भलेपणावर. आता ती भिंत तिथे चढणाऱ्यांच्या संस्थेच्या नावावर आहे.

या कामात ॲक्सेस फंड नावाची देशपातळीवरची संस्था आहे, १९९१ पासूनची. त्यांनी २००९ च्या सुमाराला फिरतं कर्ज देण्याची योजना काढली. कुठे एखादा कडा अचानक विक्रीला आला तर स्थानिक संस्थेला महिन्याभरात लाखो डॉलर कुठून मिळणार, म्हणून आधी यांच्याकडून कर्ज, मग गर्दीकडून वर्गणी, कर्ज फिटलं की तेच पैसे दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या कड्याला. साधी गोष्ट आहे पण किती शहाणपणाची. कड्याचा मालक तुमच्या जत्रेची वाट बघत थांबत नाही.

म्यूर व्हॅलीची कथा वेगळी. रिक आणि लिझ वेबर या जोडप्यानं स्वतःच्या पैशानं ती दरी टप्प्याटप्प्यानं विकत घेतली आणि २००४ च्या सुमाराला सगळ्यांसाठी उघडली. पायवाटा, पूल, पाट्या, सगळं त्यांनी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या स्वयंसेवकांनी उभं केलं. मग २०१५ मध्ये अख्खी दरी फ्रेंड्स ऑफ म्यूर व्हॅली या संस्थेला दान केली. एवढी जमीन, एवढे कडे, दान. पण दान मिळालं म्हणजे खर्च संपला असं थोडंच आहे. विमा आहे, रस्ता आहे, शौचालयं आहेत, त्यासाठी गाडीमागे पार्किंगचे पैसे घेतात. चढायला पैसे नाहीत, काही झालं तर जबाबदारी माझी असं लिहून देणारा एक फॉर्म ऑनलाइन भरायचा, गाडीचे पैसे भरायचे, कुत्रा आणायचा नाही, एवढंच. आणि या पार्किंगच्या पैशावरून सुद्धा कुरकुर ऐकू येते हो, ज्याच्या पायातले बूट दोनशे डॉलरचे तो गाडीमागच्या थोड्याशा पैशांसाठी हळहळतो. चार जण एका गाडीतून आलात तर क्लायंबिंग जिमच्या, म्हणजे कृत्रिम भिंती चढायच्या जागेच्या, एका दिवसाच्या पासापेक्षा माणशी कितीतरी कमी पडतात. मला यात कुरकुरीला जागाच दिसत नाही.

पैसे कशाला लागतात हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते एका लोखंडी कडीमुळे. रूटच्या वरच्या टोकाला दोन बोल्ट असतात, त्याला साखळी किंवा कड्या किंवा हुक, त्याच्यातून दोर ओवून खाली उतरायचं. इथल्या जुन्या रूटवरून काढलेल्या कड्या, त्या बदलायचं काम करणाऱ्या एका स्वयंसेवकानं पिझ्झाच्या टेबलावर ठेवल्या होत्या. त्यातली एक मी हातात घेतली. बोटाएवढ्या जाडीचं स्टील, आणि आतल्या बाजूनं विहिरीच्या काठच्या दगडाला पोहऱ्याच्या दोरानं खाच पडते तशी खोल गुळगुळीत खाच, अर्ध्याच्या वर झिजलेली. दोर तर नायलॉनचा, मऊ. पण दोराला वाळू लागलेली असते, सँडस्टोनची बारीक वाळू, आणि प्रत्येक उतरणारा माणूस आपल्या वजनानं ती वाळू स्टीलवरून फिरवतो. एका शनिवारी तीस-चाळीस माणसं एकाच कडीवरून उतरली तर वर्षाचा हिशोब करा. खाचेची कड बोटाला लागली तर अक्षरशः धार होती. अशा धार आलेल्या कॅराबिनरनं, म्हणजे दोर अडकवायच्या उघडझाप कडीनं, दोर कापला गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. म्हणून शिकलेली माणसं सांगतात की टॉप रोप करताना स्वतःचे कॅराबिनर वर लावा, कायमच्या कडीवर फक्त शेवटच्यानं उतरावं. आणि म्हणून बोल्ट आणि कड्या बदलायचा वेगळा निधी आहे. स्टेनलेस स्टील, गोंद लावून बसवायचे बोल्ट, ड्रिल, बॅटऱ्या, आणि झुकलेल्या भिंतीवर लटकून दिवसभर काम करणारी माणसं, जी हे फुकट करतात.

मी त्या कड्या बदलणाऱ्या स्वयंसेवकाला विचारलं की देणगी देणारे याच्यासाठी देतात का. तो म्हणाला, नवा कडा घ्यायचा म्हटलं की लोक उत्साहानं देतात, नकाशा दाखवता येतो, फोटो काढता येतो. खडीसाठी कोणी देत नाही. खडी म्हणजे रस्त्याची. दक्षिणेकडच्या, २००४ मध्ये घेतलेल्या त्या प्रिझर्व्हमध्ये जमिनीवरचा हक्क क्लायंबर्सचा पण जमिनीखालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्यांचा, तेलाच्या छोट्या विहिरी अजून तिथे चालू आहेत, कड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला पंप खालीवर होताना दिसतात आणि कच्च्या तेलाचा वास येतो. रस्ते त्यांचे टँकर आणि आमच्या गाड्या दोघांचे. एका पावसात रस्ता वाहून जातो. मग ट्रकभर खडी. परत पाऊस. परत खडी. या खडीचं कोणाला काय कौतुक असणार, पण रस्ता गेला तर शेजारचा शेतकरी वैतागतो, तेलवाला वैतागतो, रुग्णवाहिका पोचत नाही, आणि शेवटी कडा बंद होतो. माझ्या मते देणगी द्यायचीच असेल तर 'कशालाही वापरा' असं लिहून द्यावी, म्हणजे खडीला जाते.

कामाच्या दिवसांबद्दल पण लिहायलाच हवं. वर्षातून काही शनिवार पायवाटा दुरुस्तीसाठी ठेवलेले असतात. सकाळी सगळ्यांना हातमोजे, कुदळी, बादल्या. मी ज्या गटात होते त्यांचं काम कड्याच्या पायथ्याशी लाकडाचे ओंडके आडवे टाकून, मागे दगड भरून, सपाट ओटा करायचा, म्हणजे माणसं तिथेच उभी राहतील आणि उतारावरची माती वाहणार नाही. दगड खालच्या ओढ्यातून वर आणायचे. माणसांची साखळी, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. माझ्या एका बाजूला लेक्सिंग्टनचा दंतवैद्य, दुसऱ्या बाजूला कॉलेजची मुलगी, जिनं फक्त जिममध्ये चढलंय आणि खऱ्या दगडाला आदल्याच दिवशी पहिल्यांदा हात लावलाय. ती मला म्हणाली, "मला वाटायचं हे सगळं सरकार करतं." मी पण इथे आले तेव्हा हेच समजत होते. दुपारपर्यंत तिला दगड कसा बसवायचा, मोठा खाली, चपटा वर, पाण्याला वाट कुठून द्यायची हे सगळं कळलं. ही मुलगी म्हणजे जुने लोक जिच्यामुळे कपाळाला हात लावतात ती 'जिमची गर्दी'. टोकियो ऑलिंपिकमध्ये क्लायंबिंग आल्यापासून तर अशी पोरं वाढतच चाललीत. त्यांना शिव्या घालून काय मिळणार? त्यांना दगड उचलायला बोलवा, ती येतात.

आता याला दुसरी बाजू आहे आणि ती मला टाळायची नाही. पैसे जमवायला जत्रा भरवली की जत्रेची जाहिरात होते, जाहिरातीनं आणखी माणसं येतात, त्यांनी आणखी झीज होते, त्या झिजेला आणखी पैसे लागतात. हे चक्र मला पण दिसतं. एका मोठ्या मनाच्या माणसाशी यावरून माझी बराच वेळ चर्चा झाली होती, तो नव्वदच्या दशकापासून इथे चढतोय, त्याचं म्हणणं गप्प बसा, ठिकाणांची नावं सांगू नका, माणसं कमी तर खर्च कमी. ऐकायला बरोबर वाटतं. पण गप्प बसून कडे वाचले नाहीत ना. कमी माणसं होती तेव्हाच मालक कडे बंद करत होते आणि तेव्हा कोणाच्या गल्ल्यात काही नव्हतं. मर्यादा घालायची तर उघडपणे घाला. रोडसाइड नावाचा कडा बघा, खाजगी आहे, खूप लाडका होता, २०११ मध्ये मालकांनी वैतागून बंद केला. नंतर उघडला तो परवाना पद्धतीनं, आधी नाव नोंदवायचं, दिवसाला ठराविकच माणसं. टॉरेंट फॉल्सलाही आधी जागा राखून ठेवावी लागते. मला हे पटतं. शनिवारी नाही मिळाला परवाना तर मंगळवारी सुट्टी काढा. सगळं सगळ्यांना कायम मिळालंच पाहिजे हा हट्ट दगडाला परवडत नाही.

२०२० च्या वसंतात कोविडमुळे या संस्थांनी आपापले कडे बंद केले होते. स्वतःच्या मालकीचे कडे, कोणी सक्ती करण्याची वाट न बघता, कारण आसपासच्या काउंट्यांमधली, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमधली, इस्पितळं लहान. माणसं तुटून पडली नाहीत फाटकावर, थांबली. मालकी हातात असली की 'नाही' म्हणण्याची ताकद पण येते, हे मला तेव्हा जाणवलं.

या काउंट्या, ली, पॉवेल, वुल्फ, देशातल्या गरीब भागांपैकी. कोळसा, तेल, तंबाखू, लाकूड, सगळ्यांचे दिवस येऊन गेले. ईस्टर्न केंटकी युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी काढलेल्या हिशोबाप्रमाणे क्लायंबर्स या भागात वर्षाला ३६ लाख डॉलर खर्च करत होते, हा आकडा साधारण २०१५-१६ चा, आणि काही वर्षांनी परत मोजलं तेव्हा ८७ लाख. हे आकडे घेऊन संस्थेची माणसं काउंटीच्या बैठकांना जातात, आणि जायलाच पाहिजे, कारण तिथल्या माणसांना आम्ही दिसतो ते फक्त त्यांच्या अरुंद रस्त्यावर गाड्या लावणारे. पण अपघात झाला की कोण येतं? वुल्फ काउंटी सर्च अँड रेस्क्यू. सगळे स्वयंसेवक, आपापली कामं सोडून रात्री-अपरात्री जंगलातून स्ट्रेचर वाहणारे. त्यांचा दोर, त्यांची गाडी, त्यांचं डिझेल बरंचसं देणगीवर चालतं. रेडला येणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा त्यांना काहीतरी पाठवावं असं मी प्रत्येकाला सांगते, इथेही सांगते.

हे सगळं मी पुण्याच्या दादाला सांगत होते फोनवर. दादानं मला पहिला दोर बांधायला शिकवला, सुळक्यांवर लोकांना न्यायचं काम तो अजून करतो. त्याचा पहिला प्रश्न, "अगं, पण आपला सह्याद्री कोण विकणार आणि कोण घेणार?" बरोबरच आहे. आपले डोंगर वनखात्याचे, किल्ले पुरातत्त्व खात्याचे, नाहीतर गावाच्या मालकीचे, विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. पण गर्दी तर आपल्याकडे इथल्यापेक्षा जास्त आहे. २०२३ च्या जुलैत लोहगडावर माणसं तासन्‌तास अडकून पडली होती, पुढे सरकता येईना आणि मागेही. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळ्यात काय होतं ते नाशिककरांना विचारा. आणि पैसे द्यायला मराठी माणूस मागे असतो असं कोणी म्हणू नये. २०१२ मध्ये गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची एव्हरेस्ट मोहीम लोकांच्या लहान-मोठ्या देणग्यांवर उभी राहिली होती, आणि आठ जण माथ्यावर पोचले तेव्हा पुण्यात किती जणांना वाटलं की यात आपलेही पैसे आहेत. गडांवरच्या टाक्यातला गाळ काढायला दर रविवारी पोरं स्वतःच्या खर्चानं जातात.

"पण बोल्टला कोण देणार," दादा म्हणाला. "एव्हरेस्टला देतात, टाक्याला येतात. सुळक्यावरचा गंजलेला बोल्ट कोणाला दिसत नाही. आम्ही चार-पाच जण पदरमोड करून बदलतो, तेवढंच."

आणि आता त्याच गंजलेल्या बोल्टवर व्यावसायिक ग्रुप एकेका रविवारी पन्नास-साठ जणांना रॅपल करवतात, म्हणजे दोरावरून कडा उतरवतात. पावसाळ्याची चार महिन्यांची ओल, त्यात साध्या लोखंडाची मेख, कधी कोणी मारली याची कुठेच नोंद नाही. ते साठ जण दीड-दोन हजार रुपये देऊन आलेले असतात. त्यातले पन्नास रुपये माणशी बाजूला ठेवले, फक्त पन्नास, आणि कोणत्या सुळक्यावर कोणत्या वर्षी काय बसवलं याची वही उघडी ठेवली तर? मी दादाला तेच म्हटलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हिशोब कोण ठेवणार? पैशाचा विषय निघाला की आपल्यात भांडणं होतात, तुला माहितीय." माहितीय. रेडमध्येही झाली आहेत भांडणं, बोल्ट कसले वापरायचे इथपासून जत्रेत बिअर ठेवायची का इथपर्यंत. त्यावर उपाय म्हणून मला एकच गोष्ट तिथे काम करताना दिसली, दर वर्षी आलेला पैसा आणि गेलेला पैसा सगळ्यांना बघता येईल असा मांडतात, खडीच्या ट्रकासकट. आणि हिशोब ठेवणारा माणूस बोल्ट मारणाऱ्यांपैकी नसतो.

शेवटी आमचं असं ठरलं की सगळ्या सह्याद्रीचं नंतर बघू, आधी एकच जागा घ्यायची, तैलबैला, जिथे गर्दी होते आणि जिथे दादाला प्रत्येक बोल्ट माहीत आहे. गावातल्या माणसांशी आणि वनखात्याशी आधी बोलायचं, त्यांच्या परवानगीशिवाय ड्रिल बाहेर काढायचं नाही. तिथे येणाऱ्या ग्रुपवाल्यांपैकी दोघांशी दादा बोललाय, एक लगेच तयार झाला, दुसरा म्हणाला बाकीचे देणार असतील तर मी देतो. हिशोबाला एक मावशी मिळाल्यात, बँकेतून निवृत्त, त्यांचा मुलगा चढतो. कोणते बोल्ट बदलायचे त्याची यादी फोटोसकट पावसाळा संपला की दादा करायला घेतोय, मग तीच सगळ्यांसाठी टाकू.